शून्याची एक रेघ

मोर्सच्या परीक्षेत मी नापास झालो. आधीच सांगून टाकतो. ज्या माणसानं शहरातल्या आठ-दहा जणांना मोर्स शिकवला, ते सगळे पास झाले, सगळ्यांना सरकारी लायसन मिळालं, आपापलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळालं, तो शिकवणारा माणूस नापास. हे आमच्या रेडिओच्या क्लबात सगळ्यांना माहीत आहे. का नापास झाला, ते मात्र सगळ्यांना चुकीचं माहीत आहे, आणि ते चुकीचं मीच त्यांना सांगितलं.

माझं शिक्षण चौथी. शेंद्र्याकडच्या खेड्यातून मी शहरात आलो तो शाळेसाठी नाही, तारघरात तारा वाटायला. खाकी शर्ट, सायकल आणि खांद्याला पिशवी. बाबूची तार लिहून होईपर्यंत दारात उभं राहायचं. आत एक स्टूल होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. तसं कुणी तोंडानं म्हणालं नाही. मी कोणत्या वस्तीतून येतो ते ठाऊक असल्यावर म्हणायची गरजच नव्हती.

टेबलावर पितळी साउंडर होतं. तारेतून खूण आली की ते वाजायचं. त्याला रेडिओसारखा पीं-पीं आवाज नसतो, नुसती कडकट्ट-कट्ट. बाबू लोकांनी त्याच्या मागं सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा बसवला होता, म्हणून आवाज दारापर्यंत खणखणीत यायचा. दोन वर्षं मी तो उभ्यानं ऐकला, नजर बाबूच्या पेन्सिलीवर; इंग्रजी अक्षरं पाकिटांवरचे पत्ते वाचून आली होती. आधी अक्षरं सुटी झाली, मग शब्द. इंग्रजी शब्दांचा अर्थ कळत नव्हता, पण बाबूची पेन्सिल थांबायच्या आधी मला कळायचं की ही मरणाची तार आहे, आणि ह्या गल्लीत शिरताना सायकलची घंटी वाजवायची नाही.

बडे बाबू म्हणून एक म्हातारे होते, नोकरीला निजामाच्या वेळचे. एक दिवस चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "क्या रे, खडे-खडे क्या सुन रा?"

मी म्हणालो, "तार सुन रा साब."

"अच्छा? बोल, अभी क्या आया?"

मी आलेली सगळी अक्षरं एकामागं एक म्हणून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत, मोडक्या कपाटाशेजारी, एका जुन्या चावीवर त्यांनी मला पाठवायला शिकवलं. चावी म्हणजे तार पाठवताना दाबायचं बटन. मनगट सैल, कोपर टेबलावर, बोटं नुसती टेकलेली.

मोर्समध्ये प्रत्येक आकड्याला पाच खुणा असतात, टिंबं किंवा रेघा. शून्याला पाच लांब रेघा. मी एकदा पाचही रेघा नीट मोजून दिल्या तर बडे बाबू खवळले. "सिफर को पाँच लकीरां कौन देता रे? उधर आदमी मर रा, तू लकीरां गिनते बैठा?" कामाच्या घाईत बाबू लोक शून्याला एकच लांब रेघ द्यायचे, नवाला एक रेघ आणि एक टिंब. समोरच्या गावच्या बाबूला बरोबर कळायचं. आकड्यांच्या जागी आलंय म्हणजे आकडाच असणार. मी तसंच शिकलो. कान दोन्ही ओळखायचा, पाच रेघांचं शून्यही आणि एका रेघेचंही. हाताला मात्र एकच येत होतं.

पुढं ऑपरेटरची जागा निघाली तेव्हा दहावी पाहिजे म्हणाले. बडे बाबू तोवर रिटायर झाले होते. ज्याला ती जागा मिळाली त्याच्या चुका मी दारात उभा राहून मोजायचो. एकदा बोललोही. "साहेब, तिथं एस नाही, एच आहे." त्यानं तपासून बघितलं, एचच निघाला. तर त्या दिवसापासून मला दारातही उभं राहू देईना, बाहेर सायकलीपाशी थांब म्हणाला. नंतर मला टेलिफोनच्या खांबांवर पाठवलं आणि खांबावरूनच मी रिटायर झालो. पुढं देशातली तारच बंद झाली. पेपरात आठवणी आल्या, फोटो आले. सगळे खुर्चीत बसलेल्यांचे.

इंजिनियर साहेब मला गारखेड्यात भेटले. चिकलठाण्याच्या कंपनीतून रिटायर झालेला माणूस, हौशी रेडिओवाल्यांचा, 'हॅम' म्हणवणाऱ्यांचा, क्लब चालवतो. एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी प्रदर्शन मांडलं होतं. मी सुनेबरोबर भाजी आणायला निघालो होतो. आतून मोर्स ऐकू आला आणि माझे पाय तिकडंच वळले. लॅपटॉप आपोआप मोर्स वाजवत होता आणि पडद्यावर अक्षरं उमटत होती. शेजारी फळा होता. मी खडू घेतला आणि पडद्याकडं पाठ करून लिहीत गेलो. लोक फळ्यावरचं पडद्याशी ताडून बघायला लागले.

"काका, तुम्ही हॅम आहात का?" साहेबांनी विचारलं.

"ते काय असतंय?"

"म्हणजे, हे शिकलात कुठं?"

"दारात," मी म्हणालो.

त्यांना ते कळलं नाही. मीही फोडून सांगितलं नाही.

त्यानंतर दर रविवारी मी क्लबात. पोरं-पोरी, नोकरदार, एक दातांचे डॉक्टर, सगळ्यांना मी मोर्स शिकवला. सरावाला अक्षरं मी द्यायचो, आकडे ते छापील तक्त्यावरून आणि लॅपटॉपवरून घ्यायचे. क्लबाकडून मला एक रिसीव्हर मिळाला, नुसता ऐकायचा सेट. त्याच्या एरियलची तार आमच्या गच्चीवरून शेजारच्या विहाराच्या गच्चीपर्यंत बांधली, विहाराच्या मंडळींना विचारून. हेडफोन लावला की कुठलं कुठलं ऐकू यायचं. पण लायसन नाही तोवर पाठवायला बंदी. माझी चावी साध्या बझरला जोडलेली होती, माझा आवाज खोलीच्या बाहेर जात नव्हता.

प्रदर्शन असलं की मला खाकी शर्ट घालायला सांगायचे आणि चावीसमोर बसवायचे. पाठीमागं पाटी, 'जुन्या काळचे तारवाले'. लोक मोबाइलवर फोटो काढायचे. एका बाईनं तर माझ्यासमोरच तिच्या पोराला सांगितलं, "बघ, पूर्वी असं असायचं." जसं काही मी जुनं दगडी जातं आहे. आणि ज्यांना मी शिकवलं, ते पलीकडच्या टेबलावर खऱ्या सेटवर आपापलं कॉलसाइन सांगत जपान-रशियाशी बोलत होते.

एकदा साहेबांनी माझी चावी लॅपटॉपला जोडली. हातानं दिलेला मोर्स वाचून लिहिणारा प्रोग्राम असतो. मी दिलं ते सरळ, पडद्यावर उमटला निव्वळ कचरा. सगळे हसले. दातांचे डॉक्टर म्हणाले, "काका, तुमची बत्तिशी हलायला लागली वाटतं." साहेबांनी काहीतरी आकडे फिरवले, मग प्रोग्राम नीट वाचायला लागला. पण माझ्या मनात ते बसलं ते बसलंच. मशीनला मशीनचाच हात कळतो, माणसाचा कळत नाही. हे मी ठरवून टाकलं आणि पुढं ते मला महागात पडलं.

लायसन दोन तऱ्हेचं असतं. खालचं मोर्सशिवाय मिळतं. साहेब म्हणाले, "काका, खालचं घ्या. लेखी दिलं की झालं. माइकवर बोलता येईल."

मी म्हणालो, "बोलून काय करू? बोलणारे लई आहेत."

मला वरचंच पाहिजे होतं, मोर्सची परीक्षा देऊन. चौथी पास माणसाच्या हाती सरकारचा एक कागद, की ह्याला हे येतं. तारघरानं तो दिला नाही. लायसन हवं होतं ते जपानशी बोलायला नाही, त्या कागदासाठी. माझ्या वयाला आता दुसरं काही मागायचं राहिलं नव्हतं.

लेखी परीक्षा इंग्रजीत. ती मी सुनेच्या जिवावर दिली, हे कबूल करतो. सून शेंद्र्याच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मालाला गेज लावून पास-नापास करते. संध्याकाळी घरी आली की हात-पाय धुऊन माझ्यासमोर पुस्तक उघडून बसायची. प्रश्न वाचायची, मराठीत सांगायची, उत्तर विचारायची. मी चुकलो की हसायची, पण वर्षभर कंटाळली नाही. सगळी उत्तरं मी त्यांच्या रूपावरून ध्यानात ठेवली, माणसं चेहऱ्यावरून ठेवतात तशी. लेखीत पास झालो. तिनं शेजारी-पाजारी पेढे वाटले. मला म्हणाली, "मामा, आता मोर्स तर तुमच्या हातचा मळ."

मोर्सच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी तिनं तिच्या फोनवर तसलाच एक प्रोग्राम घेतला. बझरजवळ फोन ठेवायचा, मी दिलेलं फोन वाचून दाखवतो. मी नको म्हणत होतो, तिनं ठेवलाच. मी परीक्षेत असतो तसा मजकूर दिला, अक्षरं आणि आकडे. ती फोनमध्ये बघून म्हणाली, "मामा, अक्षरं सगळी बरोबर. पण शून्याच्या जागी टी येतोय. आन नवाच्या जागी एन."

टी म्हणजे एक लांब रेघ. एन म्हणजे एक रेघ, एक टिंब. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. नाही पडला. मला त्यात शून्यच ऐकू येत होतं. पन्नास वर्षं मी त्या एका रेघेला शून्य म्हणूनच ऐकलेलं.

"फोनला काय कळतंय?" मी म्हणालो.

"परत द्या बरं."

मी परत दिलं.

"परत टी."

"त्याचा कान कच्चा हाय. क्लबातला लॅपटॉप तर पार कचरा लिहीत होता."

"अक्षरं कशी मग बरोबर लिहितो?" ती हसत म्हणाली. "आमच्याकडं गेज नापास म्हणलं की माल नापास. गेजशी भांडत नाय कुणी."

"मी माल हाय व्हय तुझा?"

"तसं नाय मामा, नुसतं बघा तर..."

"तुझ्या नवऱ्याच्या जन्माच्या आधीपासून देतोय मी. तू मला शून्य शिकवती? उचल तो फोन आन भाकरी टाक जा."

ती कंपनीतून येऊन अजून चहाही प्यायली नव्हती. फोन उचलला आणि आत गेली. भाकरी टाकल्याचा आवाज आला. त्यानंतर परीक्षेपर्यंत तिनं माझ्या टेबलाजवळ फोन आणला नाही, मीही विचारलं नाही.

परीक्षा दुसऱ्या शहरात होती. इंजिनियर साहेब सोबत आले, बाहेर बाकावर बसले. आत परीक्षक एक तिशीतला पोरगा. नीटनेटका, अदबीनं बोलणारा. आधी घ्यायचं होतं. हेडफोनमधून आलं ते मी पेन्सिलीनं लिहिलं, खाडाखोडीशिवाय. त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "बाबा, एक नंबर."

मग पाठवायचं. त्यानं छापील कागद दिला, स्वतः पेन घेऊन बसला. मी मनगट सैल केलं आणि सुरू झालो. माझा हात शेवटपर्यंत कुठंही अडखळला नाही. कागद संपला. तो त्याच्या लिखाणाकडं बघत राहिला.

"बाबा, आकड्यांची ओळ परत एकदा द्याल का?"

मला वाटलं, पोरगं मागं पडलं. मी म्हणालो, "जोरात झालं का साहेब? हळू देतो."

"जोरात नाही झालं. आकडे पूर्ण द्या."

पूर्ण म्हणजे मी समजलो, पूर्ण ओळ. पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत दिली, सावकाश, लहान लेकराला घास भरवावा तशी. त्यानं पेन खाली ठेवलं.

"बाबा, घेणं उत्तम आहे. पण पाठवण्यात ठरल्यापेक्षा जास्त चुका झाल्यात. पुढच्या वेळी हा भाग परत द्यावा लागेल. सगळे आकडे..."

तो पुढं सांगणार होता. मी उठलो. "चुका? तुमच्याकडनं घेणं झालं नसंल. मी तारघरातला माणूस आहे." तो म्हणाला, "बाबा, ऐकून तर घ्या." दार माझ्या हातात होतं. मी ऐकून घेतलं नाही.

बाहेर साहेबांनी विचारलं, "काय झालं काका?"

"पाडलं."

"तुम्हाला?"

"त्याला माझा हात घेता आला नाही, म्हणून पाडलं."

साहेब लाल झाले. एसटीत बसल्यापासून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरला, ह्याला, त्याला. "अहो, ज्यांनी आयुष्य तारेत काढलं त्यांना हा कालचा पोरगा नापास करतो. अन्याय आहे. तक्रार करायची." मी खिडकीशी बसलो होतो. मांडीवर डब्याची पिशवी होती आणि माझं बोट डब्याच्या झाकणावर तोच आकड्यांचा मजकूर वाजवत होतं. सवयच आहे ती. सात, चार, शून्य. शून्याला बोट एकदा लांब टेकलं आणि पुढच्या आकड्यावर गेलं.

मी थांबलो. परत दिलं, नुसतं शून्य. बोट एकदाच टेकलं.

मग मी मनात मोजत पाच रेघा द्यायला गेलो. एक दिली, हात उचलला गेला. परत केलं. परत उचलला गेला. ताठ बसून, दात आवळून पाच दिल्या. जमल्या, पण नवख्या माणसासारख्या, ओळखीच्या नसलेल्या. शेजारी साहेब फोनवर सांगत होते, "त्याला मोर्स येतच नसणार हो."

तिथंच सांगता आलं असतं. साहेब, थांबा, चूक माझी आहे. एवढे पाच शब्द. बसस्टँड येईपर्यंत चांगले तीन-चार तास होते. मी ते खिडकीतून बाहेर बघण्यात घालवले.

चौथ्या दिवशी साहेब तक्रारीचा कागद टाइप करून घरी आले. सून रजेवर होती, तिनं चहा ठेवला. साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. परीक्षकाला मोर्सचं ज्ञान नाही, त्याची चौकशी व्हावी, त्याला ह्या कामावरून काढावं. खाली माझं नाव आणि सहीची जागा. "काका, क्लबातल्या सगळ्यांनी सह्या केल्यात. तुमची तेवढी राहिली."

सून कप मांडत होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं.

त्या पोरानं मला दोनदा संधी दिली होती. आकडे पूर्ण द्या, म्हणाला होता. बाबा म्हणाला होता. त्याची भाकरी जाईल अशा कागदावर माझा हात चालेना. पण खरं सांगायला तोंडही चालेना.

"नाय करायची तक्रार," मी म्हणालो.

"अहो पण का?"

"नाय करायची म्हणलं ना."

साहेबांनी पेन परत खिशाला लावलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "काका, मोठं मन आहे तुमचं. त्या पोराचा विचार केलात." त्यांनी कागदाची घडी केली. क्लबाच्या ग्रुपवर त्याच दिवशी लिहून टाकलं की एवढा अन्याय होऊनही काकांनी माफ केलं. खाली हात जोडल्याची चित्रं, फुलं. दातांच्या डॉक्टरनं लिहिलं, अशी माणसं आता राहिली नाहीत. सुनेनंच मला सगळं वाचून दाखवलं, एकेक ओळ, आवाज न चढवता.

वाचून झाल्यावर म्हणाली, "मामा, सांगायचं व्हतं."

"काय सांगायचं?"

"शून्याचं."

"तू तुझं काम बघ."

"बघतेच," ती म्हणाली.

तेव्हापासून त्या पोराचं नाव क्लबात खराब झालंय. त्याच्याकडं परीक्षा पडली की लोक म्हणतात, हाच तो. मी तिथंच बसलेला असतो. खोडून काढत नाही. मोर्स शिकवताना पोरांना शून्याला पाच रेघा सांगतो, पण फळ्यावर खडूनं लिहून. चावीवर करून दाखवायचं आलं की दुसऱ्या कुणाला तरी बसवतो. म्हणतो, मनगट दुखतंय.

परत फॉर्म भरता येतो. फक्त पाठवण्याची परीक्षा राहिली आहे. मी रोज सकाळी बझर लावून शून्य देत बसतो. अडचण अशी की दिलेलं बरोबर झालं का, ते मला कळत नाही. बोटावर लक्ष ठेवलं तर पाच पडतात. मजकुराच्या ओघात आलं की पाच पडल्या की एक, ते कान सांगत नाही. माझ्या कानाला एका रेघेतही शून्यच ऐकू येतं. ज्या कानाचा मी जन्मभर तोरा मिरवला, तोच आता उपयोगाचा नाही. कुणीतरी बघून सांगायला पाहिजे, शून्य आलं की टी आला. क्लबातल्या लॅपटॉपवर हे करता येत नाही, तिथं मी माफ करणारा माणूस आहे.

ते बघून सांगणारा फोन सुनेकडं आहे. ती सकाळी कंपनीत जायच्या आधी डबा भरते, तेव्हा फोन ओट्यावर असतो, माझ्या टेबलापासून सात-आठ पावलांवर. बझर चालू असतो, तिला ऐकू जातं. मागितला तर ती लगेच देईल, एक शब्द बोलणार नाही. नुसता आणून ठेवला असता तरी मी काही म्हटलं नसतं. पण ती आणून ठेवत नाही. डबा भरते, फोन पर्समध्ये टाकते, "येते मामा," म्हणते आणि जाते.

फॉर्मची मुदत ह्या महिनाअखेरीपर्यंत आहे. अजून मी मागितलेला नाही.